वहीतला ‘म्यु.’: ‘शोला जो भडके’ या गीताचा एक प्रकरण अभ्यास

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका गावच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी जुन्या हिंदी आणि मराठी गाण्यांचा कार्यक्रम सादर करण्याची आमच्या हौशी मंडळाची प्रथा आहे. प्रवेश विनामूल्य असतो, गाणारे गावचेच असतात, वाजविणारेही बहुतेक गावचेच, आणि जे वाद्य गावात नाही त्याचे काम कीबोर्डवर भागविले जाते. अलीकडे तेही कष्ट वाचविण्यासाठी गायकामागे तयार ट्रॅक लावण्याची सवय आमच्यातही शिरली होती. एका वर्षी मात्र ‘शोला जो भडके’ हे युगुलगीत ट्रॅकशिवाय, खरीखुरी ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट घेऊन करावे असे ठरले. हा निर्णय कार्यकारिणीच्या बैठकीत दहा मिनिटांत झाला आणि तो निभावायला जवळजवळ तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत जे प्रश्न उपस्थित झाले, त्यांची ही नोंद आहे. मी मंडळाचा निवेदक. गाणे कोणाचे हे रंगमंचावरून सांगणे हे माझे काम, आणि या प्रकरणात सर्वांत अवघड ठरले ते तेच.

गाणे 1951 सालच्या ‘अलबेला’ या चित्रपटातले. चित्रपटाचे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवान आभाजी पालव, म्हणजे सर्वांचे भगवानदादा; नायिका गीता बाली; शब्द राजेंद्र कृष्ण यांचे; संगीत सी. रामचंद्र यांचे, आणि आवाज लता मंगेशकरांचा व स्वतः संगीतकाराचा, जो गायक म्हणून केवळ ‘चितळकर’ हे आडनाव लावीत असे. नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे 12 जानेवारी 1918 रोजी जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकले, सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये त्यांनी पेटी वाजविली, आणि हिंदीत संगीतकार म्हणून त्यांची सुरुवात झाली ती 1942 च्या ‘सुखी जीवन’पासून, भगवानदादांच्याच सोबतीने. तेव्हा ‘अलबेला’च्या वेळी या दोघांची दोस्ती किमान नऊ-दहा वर्षांची होती. दादांचे वडील गिरणी कामगार, दादांची कारकीर्द स्टंटपटांतली, आणि त्यांच्या नाचाची ढब कोणत्याही नृत्यशाळेतली नसून मुंबईच्या रस्त्यांवरच्या मिरवणुकीतली. हात वर, खांदे सैल आणि पावले जेमतेम वीतभर हलणारी ती ढब विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढे पिढ्यान्‌पिढ्या नाचली गेली, आणि नाचणाऱ्यांपैकी अनेकांना ती कोणाची हे ठाऊकही नव्हते.

आमच्या मंडळातील ज्येष्ठ पेटीवादकांना, ज्यांना आम्ही सारे बुवा म्हणतो, हे गाणे पहिल्यापासून ‘आपले’ वाटत आले. संगीतकार मराठी, नायक मराठी, आणि गायिकेचे आडनाव तर आमच्या शेजारच्या गावावरून पडलेले. मास्टर दीनानाथांचे मंगेशी फोंडा तालुक्यातच, प्रियोळात. यात चूक काहीच नाही. परंतु गाण्यात पेटी-तबल्याचा रंग जवळजवळ नाहीच. आहे तो बोंगोचा ठेका आणि ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन व ओबो यांचा मेळ. पेटीवर वाढलेल्या आणि ख्यालाची तालीम घेतलेल्या माणसाच्या गाण्यात हा आवाज आला कोठून, हा प्रश्न बुवांना पन्नास वर्षांत पडला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मलाही पडला नव्हता.

तो पडला पहिल्या भेटीत. ट्रम्पेटसाठी आम्ही बार्देशातील एका वृद्ध वादकांना गाठले. त्यांचे सारे आयुष्य लग्नांच्या आणि फेस्तांच्या, म्हणजे चर्चच्या उत्सवांच्या, बँडमध्ये गेले असून तरुणपणी ते गावच्या चर्चमध्ये मुलांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरवाचन, शिकवीत असत, म्हणून त्यांना सगळे मेस्त म्हणतात. त्यांनीच सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजविणारे आपले दोन सहकारी सुचविले. बुवा आपली वही घेऊन आले होते. कापडी बांधणीची, पिवळ्या पडलेल्या पानांची ती वही म्हणजे आमच्या मंडळाची तिजोरीच. तीत दोनशेच्या वर गाण्यांचे सरगम सुवाच्य अक्षरांत उतरवलेले आहे. बुवांनी ‘शोला जो भडके’चे पान उघडून ध्रुवपद आणि अंतरे पेटीवर वाजवून दाखविले, प्रत्येक मींड आणि प्रत्येक कण जागच्या जागी. मेस्तांनी शांतपणे ऐकले, मग वहीवर बोट ठेवून कोकणीत विचारले, “बाब, चाल जाली. पूण म्युझिक खंय?” म्हणजे म्युझिक कुठे आहे?

वहीत ध्रुवपदाच्या आधी आणि दोन अंतऱ्यांच्या मध्ये एक लहानसा चौकोन काढलेला होता आणि त्यात ‘म्यु.’ एवढेच लिहिले होते. म्युझिक. तिथे काय वाजते, कोणते वाद्य वाजविते, एकाच वेळी किती सूर वाजतात, याचा एक शब्द नाही. बुवांनी सांगितले की तो भाग आजवर कीबोर्डवाला कानाने उचलत असे, आणि न जमल्यास आम्ही तो गाळत असू. मेस्त हसले नाहीत, हे त्यांचे सौजन्य. ते म्हणाले, “हें अर्दें गीत.”

या उद्गारात मला सुरुवातीला अतिशयोक्ती वाटली. गाणे म्हणजे शब्द आणि चाल, बाकीची सजावट, हा आमचा पक्का समज. भावगीताच्या परंपरेत वाढलेल्या माणसाचा दुसरा समज असणार तरी कसा? पण त्या रात्री मूळ ध्वनिमुद्रण कानाला इयरफोन लावून ऐकताना मी एक साधा प्रयोग केला. गायकांचे शब्द मनातून वगळून केवळ बाकीचे ऐकले. ओळ संपते न संपते तोच तिला उत्तर देणारे वाद्य, सम सोडून तिच्या अलीकडे-पलीकडे पडणारे ठोके, आवाजाच्या खालून सरकणारी दुसरीच एखादी सुरावट: हे सारे वगळून नुसती चाल पेटीवर वाजविली तर ती गोड, ठसकेबाज, तमाशाच्या अंगाला शोभेलशी मराठी चाल उरते. प्रीतीची जी बेभान, शहरी, दिव्यांच्या झगमगाटातली धुंदी या गाण्याशी आपण जोडतो, ती चालीत थोडी आणि त्या ‘म्यु.’मध्ये पुष्कळ आहे. मेस्तांचे म्हणणे त्यामुळे मला निम्म्याहून अधिक पटले.

आता त्या निम्म्या भागाचा इतिहास सांगणे प्राप्त आहे, आणि तो गोव्याचा इतिहास आहे. पोर्तुगीज अमलात सोळाव्या शतकापासून चर्चच्या आश्रयाने ज्या पॅरिश शाळा चालल्या, तेथे मुलांना प्रार्थनेबरोबर पाच रेघांचे नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकविले जाई. त्या शिक्षणाला गावात मान होता, परंतु पोट भरण्याइतके काम नव्हते. म्हणून हे वादक मुंबईला, कलकत्त्याला, रंगूनला गेले. पोलिसांच्या बँडमध्ये, मूकपटांच्या थिएटरांत, जहाजांवर आणि हॉटेलांत वाजवू लागले. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरातील गावोगावच्या कुडी, म्हणजे त्या त्या गावच्या लोकांची सामाईक निवासस्थाने, हे त्यांचे पहिले घर असे. 1935 साली लिऑन अ‍ॅबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला जॅझ संच घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले, त्यांच्यामागून इतरही आले, आणि त्यांचे वादन ऐकून, पुढे काहींच्या जोडीला बसून, गोव्याच्या या मुलांनी जॅझ आत्मसात केले.

हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ हे त्यांतले एक. जन्म 1916 चा. आई लाडाने ‘शिको’ म्हणे, म्हणजे लहानगा. त्याचे पुढे ‘चिक’ झाले आणि जगाने त्यांना चिक चॉकलेट या नावाने ओळखले. अमेरिकन ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगची ढब त्यांनी इतकी आपलीशी केली होती की त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. त्यांचा संच ताजमध्ये वाजवीत असे. हेच चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांचे सहायक होते, आणि ‘अलबेला’तील ‘दीवाना परवाना’ या गाण्यात ते आपल्या संचासह झालरीच्या बाह्यांचे झगमगीत कपडे घालून पडद्यावरही दिसतात. त्याच सुमारास ‘नादान’ या चित्रपटाला त्यांनी स्वतंत्रपणे संगीतही दिले. 1967 मध्ये ते वारले, तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या आसपास होते.

नाइटक्लबातले वादक चित्रपटाच्या स्टुडिओत एवढ्या मोठ्या संख्येने का आले, याला एक कारण कायद्याचे आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे हॉटेलांतील रात्रींचे अर्थकारण ढासळले आणि मोठे बँड पोसणे परवडेनासे झाले; नेमक्या त्याच वर्षांत चित्रपटांचे वाद्यवृंद वाढत होते. दुसरे कारण तांत्रिक आहे आणि माझ्या मते ते अधिक महत्त्वाचे आहे. तेव्हा गायक आणि सारे वादक एकत्र बसून गाणे एका दमात ध्वनिमुद्रित होई. एकेक वाद्य वेगळे घेऊन नंतर जोडण्याची सोय नव्हती. तिसऱ्या रांगेतल्या एकाने सूर चुकविला तरी सगळे पुन्हा पहिल्यापासून. अशा व्यवस्थेत कागद समोर ठेवताच बिनचूक वाजविणारा वादक हा निर्मात्याचा पैसा वाचविणारा माणूस ठरतो. संगीतकार चाल गाऊन दाखवी. ती ऐकून तिला साथीचे सूर देणारा, मधल्या जागा भरणारा आणि प्रत्येक वाद्याचा कागद लिहून काढणारा माणूस बहुधा गोव्याचा असे. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, शंकर-जयकिशन यांच्यासाठी काम करणारे सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली माहीत असलेली नावे. रेकॉर्डच्या लेबलवर चित्रपटाचे, गायकाचे आणि संगीतकाराचे नाव येई. हा कागद लिहिणाऱ्याचे येत नसे.

पुढे 1957 च्या ‘आशा’ चित्रपटातील ‘ईना मीना डिका’ने तर ही सरमिसळ गाण्याच्या शब्दांतच उतरविली. सी. रामचंद्र यांचे दुसरे गोवेकर सहायक जॉन गोम्स यांच्या सांगण्यानुसार, बाहेर खेळणाऱ्या मुलांचे बडबडगीत कानी पडले आणि त्याच्या लयीवर चाल बसू लागली. त्यात ‘माका नाका’ हे शब्द गोम्स यांनी घातले. सारा हिंदुस्थान त्या शब्दांवर निरर्थक म्हणून नाचला. गोव्यात मात्र शेंबडे पोरही सांगेल की त्यांचा अर्थ ‘मला नको’ असा होतो.

तालमींकडे परत येतो.

मेस्तांनी कागद लिहून देण्याचे कबूल केले, पण एका अटीवर. दिवस कार्निव्हल नुकताच सरल्याचे होते, म्हणजे त्यांचे कोरेज्म सुरू झाले होते. ईस्टरपूर्वीच्या त्या चाळीस दिवसांत कॅथलिक घरांत लग्ने होत नाहीत, त्यामुळे बँडवाल्यांना संध्याकाळ मोकळी मिळते, आणि आम्ही मोठ्या हुशारीने हाच हिशेब करून त्यांच्याकडे गेलो होतो. परंतु मेस्त जुन्या वळणाचे. कोरेज्मात मी लिहीन, पण नाचाचे संगीत फुंकणार नाही, ते ईस्टरनंतर, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आमच्याकडे त्याच दिवसांत शिगमा. तबलावादक आणि ऑक्टोपॅडवाला दोघेही रात्ररात्र रोमटामेळात, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीत, ताशा-ढोल बडवीत असल्याने तेही तालमीला येऊ शकत नव्हते. तात्पर्य, एकीकडे ढोलांनी गाव दणाणत असताना नदीपलीकडे एक म्हातारा माणूस ट्रम्पेटला हात न लावता, मोबाइलवर मूळ गाणे पुन्हा पुन्हा ऐकून, पेन्सिलीने पाच रेघांवर ते उतरवीत होता. असे कागद तालमीतच, वाद्य हाती घेऊन तयार होतात अशी माझी समजूत होती. त्यांनी ते पूर्णपणे मनातल्या मनात तयार केले.

अडचणी दोन आल्या. पहिली ध्वनिमुद्रणाची. जुन्या मुद्रणात सारी वाद्ये एकाच प्रवाहात मिसळलेली असतात. सर्वांत वरचा सूर आणि सर्वांत खालचा सूर कानाला लागतो, मधले सूर असल्याची जाणीव होते पण ते सुटे करता येत नाहीत. मेस्तांनी वरची ओळ ऐकून लिहिली आणि मधल्या ओळी स्वरसंवादाच्या (हार्मनीच्या) नियमांवरून अंदाजाने भरल्या. हा अंदाज त्यांनी लपविला नाही. जिथे ऐकून लिहिले तिथे गडद पेन्सिल, जिथे स्वतः भरले तिथे फिकी, असा भेद त्यांनी कागदावर राखला. पुस्तकांच्या संपादनात पाठभेद नोंदविण्याची जी शिस्त आपण विद्वानांची मानतो, ती येथे एका बँडवाल्याने कोणी न सांगता पाळली होती.

दुसरी अडचण पट्टीची, आणि तिने आमची आठवडाभर झोप उडविली. आमच्या गायिकेला पांढरी 3 सोयीची होती आणि बुवांनी वहीत तेच लिहून ठेवले होते. पेटीवर एक पट्टी वर-खाली करणे म्हणजे बोटांची सवय बदलणे, एवढेच. पण ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन ही वाद्ये अशी की त्यांच्या कागदावरचा सूर आणि प्रत्यक्ष निघणारा सूर वेगळा असतो. पांढरी 3 चा सा ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटच्या कागदावर एफ शार्प होतो आणि आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर सी शार्प. म्हणजे वादकासाठी अतिशय आडवळणाच्या जागा. अर्धा सूर खाली येऊन काळी 2 घेतली की तेच अनुक्रमे एफ आणि सी होतात, आणि सॅक्सोफोनवाल्याला अंगणात खेळल्यासारखे वाटते. मेस्तांची विनंती अर्ध्या सुराची होती. बुवांना ती गायिकेच्या गळ्यावरचे आक्रमण वाटले. “गाणे गळ्यासाठी असते, पितळेसाठी नव्हे,” असे ते म्हणाले, आणि दोन दिवस तालमीला आलेच नाहीत.

येथे दोष कोणाचाही नव्हता. आमच्या परंपरेत गायकाची पट्टी हा मूळ आधार असून साथीने तिच्यामागे यायचे असते; त्यांच्या परंपरेत बारा जण एकाच वेळी शुद्ध वाजतील अशी जागा आधी शोधायची असते. कोंडी गायिकेनेच फोडली. तिने बुवांच्या घरी जाऊन, पेटी पुढे ओढून, काळी 2 मध्ये सारे गाणे गाऊन दाखविले आणि म्हणाली, “काका, वरच्या जागा आता अधिक मोकळ्या लागतात, ऐका तुम्ही.” लागत होत्या की नाही हे तिचे तिलाच माहीत, पण बुवा विरघळले.

ईस्टरनंतरच्या पहिल्या एकत्रित तालमीत कागद वाटले गेले, तेव्हा मी मेस्तांच्या शेजारी उभा होतो. त्यांच्या कागदावर वाद्यांचे तुकडे सूक्ष्म तपशिलांसह लिहिलेले होते: कोठे फुंक तोडायची, कोठे ट्रम्पेटला म्यूट लावायचा, कोठे हळू आणि कोठे जोरात. मात्र जिथे ट्रम्पेटला काम नाही तिथे रेघांवर एक जाड आडवी पट्टी काढून वर मोकळ्या घरांचा आकडा लिहिला होता आणि बाजूला एक शब्द, ‘सिंगर’. शब्द कोणते, चाल काय, भाव काय, याचा मागमूस नाही. बुवांच्या वहीत जिथे चौकोन होता तिथे मेस्तांचा कागद भरलेला, आणि बुवांची वही जिथे मींडीसकट भरलेली, तिथे मेस्तांच्या कागदावर ती मुकी पट्टी. दोन्ही पाने शेजारी ठेवून मी ती दोघांना दाखविली. बुवांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला, मेस्त म्हणाले, “आमी सगळे अशेंच बरयतात.” आम्ही सगळे असेच लिहितो.

आता नावाचा प्रश्न. माझ्या निवेदनाच्या मसुद्यात चार नावे होती: संगीतकार, गीतकार आणि दोन गायक. तालमीच्या शेवटी मेस्तांनी सहज विचारले की चॉकलेटाचे नाव घेणार का. मी होकार देणार तोच बुवांनी हरकत घेतली, आणि ती हरकत मला आजही वजनदार वाटते. त्यांचे म्हणणे असे की चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांचे सहायक होते हे मान्य, पण या विशिष्ट गाण्यातला अमुक तुकडा त्यांचा आणि अमुक रामचंद्रांचा अशी वाटणी कोणत्याही लेबलवर लिहिलेली नाही. रामचंद्रांचा स्वतःचा कान पाश्चात्त्य संगीताला सरावलेला होता. चार वर्षे आधी ‘शहनाई’मध्ये त्यांनी शीळ वाजवून गाणे नाचविले होते. उपेक्षितांना न्याय देण्याच्या भरात एका मराठी संगीतकाराची निम्मी कमाई केवळ अंदाजाने दुसऱ्याच्या खात्यावर टाकायची हा कुठला न्याय? मेस्तांचे उत्तर एका वाक्याचे होते: त्या खोलीत तो होता एवढे तरी सांगा.

कायदा यात काय म्हणतो ते पाहावे म्हणून मंडळाच्या एका वकील सभासदाशी मी बोललो, आणि हाती आले ते अपेक्षेपेक्षा मनोरंजक होते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या मूळ व्याख्येनुसार संगीतकृती म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे रेखाटलेली स्वररचना वा स्वरसंवाद. ही व्याख्या शब्दशः घेतली तर तोंडाने चाल सांगणाऱ्या संगीतकाराच्या हातात काहीच उरत नाही, आणि स्टुडिओत प्रत्यक्ष लिहिणारा असे तो सहायक! 1994 च्या दुरुस्तीने हे उलटे केले: संगीतकार म्हणजे संगीत रचणारी व्यक्ती, मग तिने ते लिहून ठेवलेले असो वा नसो. ही दुरुस्ती न्याय्यच होती, पेटीवर चाल बांधणाऱ्या असंख्य माणसांना तिने मान दिला. मात्र चालीला कागदावर उतरवताना तिच्यात भर घालणाऱ्याला काय म्हणायचे, हा प्रश्न आधीच्या व्याख्येतही नव्हता आणि नंतरच्याही व्याख्येत आला नाही. आमच्यापुरते बोलायचे तर विनामूल्य प्रवेशाच्या हौशी कार्यक्रमाला याच कायद्याच्या कलम 52 मध्ये सवलत आहे, तेव्हा परवानगीची चिंता नव्हती. चिंता होती ती खरे बोलण्याची.

शेवटी निवेदनात मी असे म्हटले की या गाण्याचे संगीतकार सी. रामचंद्र असून त्या काळात हळदोण्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो शाविएर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे त्यांचे सहायक होते आणि याच चित्रपटात ते आपल्या संचासह पडद्यावर दिसतात. कोणता तुकडा कोणाचा याविषयी अवाक्षर काढले नाही. बुवा या वाक्यावर समाधानी होते. मेस्तांना ते थोडे कंजूष वाटले असावे, पण त्यांनी तसे बोलून दाखविले नाही.

कार्यक्रमात गाणे कसे झाले याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पहिल्या तुकड्यात क्लॅरिनेट उशिरा शिरले, ऑक्टोपॅडवर बोंगोचा आवाज लावताना मुलाने घाईत भलतेच बटण दाबले आणि दोन ओळींपर्यंत घंटा वाजत राहिल्या. तिसऱ्या तुकड्यापासून मात्र मेळ जमला. गायिकेची ओळ संपताच तिच्या डाव्या बाजूने तीन वाद्यांचे उत्तर आले तेव्हा ती क्षणभर दचकली, आणि मग हसूनच पुढची ओळ उचलली. ट्रॅकवर गाताना ती अशी हसलेली मी पाहिलेली नाही. पुढच्या रांगेत बसलेल्या दोन आजोबांनी खुर्चीतल्या खुर्चीत खांदे हलवायला सुरुवात केली, आणि त्यांच्या नातवंडांना ते ‘भगवान’ करीत आहेत हे सांगावे लागले नाही. 2016 साली आलेला ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट त्या मुलांनी पाहिलेला होता.

लोक नंतर जे बोलले त्यात एक गोष्ट लक्षात राहण्याजोगी होती. ‘अलबेला’ आल्याच्या पुढच्याच वर्षी नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, हे सर्वज्ञात आहे. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य होते, आकाशवाणीचे नियम येथे लागू नव्हते. तरी आमच्या गावच्या एका वृद्ध बाईंनी सांगितले की त्यांच्या घरी हे गाणे लावायला बंदी होती, कारण ते ‘बँडवाल्यांचे गाणे’ होते आणि वडिलांच्या मते चांगल्या घरातल्या मुलीने नाट्यपद ऐकावे. लताबाईंचा आवाज, म्हणजे दीनानाथांच्या मुलीचा आवाज, हा त्या घरात वादातीत होता. अडचण मागून वाजणाऱ्या पितळेची होती. म्हणजे वहीतला तो ‘म्यु.’ चौकोन नुसत्या विस्मरणाने रिकामा राहिला असे समजण्याचे कारण नाही.

मेस्तांनी कागदांच्या छायाप्रती आमच्या मंडळाला दिल्या. प्रत्येक कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात गाण्याचे नाव आहे, मध्यभागी सी. रामचंद्र, आणि उजव्या कोपऱ्यात, जिथे वाद्यरचना करणाऱ्याचे नाव घालण्याची त्यांच्यात रीत आहे, तिथे त्यांनी स्वतःचेही घातलेले नाही आणि चिक चॉकलेटांचेही नाही. फक्त ‘ऐकून’ एवढे लिहून तारीख टाकली आहे. गेल्या चतुर्थीत भजनाच्या निमित्ताने बुवांकडे जाणे झाले, तेव्हा ती कापडी वही माटोळीखालच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखालच्या, पाटावर होती. मी ते पान शोधले. चौकोन आणि त्यातला ‘म्यु.’ तसाच होता, पट्टी खोडून काळी 2 केली होती, आणि चौकोनाशेजारी बुवांच्या सुवाच्य अक्षरांत एक नवी ओळ होती: ‘मेस्तांचा कागद पाहावा.’